२ फुटी टाकीत मासे किती? पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडतात

काचेतलं_तळं (लातूर)

नमस्कार मंडळी. टाकी २ बाय १ बाय १ फुटाची आहे, दुकानात ६० लिटर सांगितली होती. आत सध्या असे मासे आहेत: गोल्डफिश २ (तीन-तीन इंची), शार्क ३, सकर १ (६ इंच), एंजल २, ब्लॅक मॉली ४, विडो टेट्रा ५, मोठे गप्पी १४ आणि पिलं वेगळी. फिल्टर टाकीच्या आत बसतो तसला लावलेला आहे, खोक्यावर ताशी ६०० लिटर लिहिलंय. एअर पंप आवाजामुळे रात्री बंद असतो.

पाणी बोअरचं. १५ दिवसांतून एकदा १२ लिटरची बादली बदलली जाते, मधे पातळी उतरली की वरून भरलं जातं. गेल्या आठवड्यापासून पहाटे ५-६ वाजता सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून असतात, दिवस वर आला की खाली जातात.

एका गॅलनला एक इंच मासा, या हिशोबाने ६० लिटरला १५-१६ इंच बसतात. म्हणजे गर्दी फार झालीय हे कळतंय. प्रश्न एवढाच की मोठा फिल्टर लावून भागेल का? मासे कमी करायचेच असतील तर कोणते आणि किती?

---

गोदाकाठ (नांदेड)

बाकी सगळं उद्या, पण एअर पंप आज रात्रीच चालू करा आणि इथून पुढे २४ तास चालू ठेवा. पहाटे वर येणं म्हणजे रात्रभरात ऑक्सिजन संपत आलाय. २५ अंशाच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला ७.३. उन्हाळ्यात साठा असा कमी होतो आणि गरम पाण्यात माशांची गरज मात्र वाढते. टाकीत वनस्पती असतील तर रात्री त्याही ऑक्सिजनच घेतात. आवाजासाठी पंपाखाली जुना टॉवेल घडी करून ठेवा किंवा पंप खिळ्याला दोरीने टांगा, भिंतीला टेकू देऊ नका. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असू द्या आणि नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला. लाईट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. तो व्हॉल्व्ह अगदी स्वस्तात मिळतो, पंप गेला तर नवा घ्यावा लागतो.

आता लिटर. ६० हा आकडा रिकाम्या काचेचा, तोही थोडा फुगवलेला. टेप घ्या, आतून लांबी आणि रुंदी मोजा, उंची मात्र वाळूच्या वरच्या थरापासून पाण्याच्या पातळीपर्यंत धरा. ५९ × २९.५ × २५ सेंटिमीटर आलं तर गुणाकाराला १००० ने भागून ४३.५ लिटर होतात. वाळूतलं पाणी धरून ४५. पुढचा सगळा हिशोब ४५ वर करायचा.

इंच-गॅलनचा नियम मला मुळातच पटत नाही. लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन साधारण आठपट होतं. ६ इंची सकर म्हणजे एक-एक इंचाचे सहा गप्पी नव्हेत, घाणीच्या हिशोबाने तो शेकड्याच्या घरात जातो. मासे मोजण्यापेक्षा खाणं मोजा. टाकीत घाण येते ती खाण्यातूनच, दुसरीकडून येतच नाही.

४० टक्के प्रथिनांचे दाणे १ ग्रॅम टाकले की सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया (त्यातला फक्त नायट्रोजन मोजून) पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वजनाने तो ४.४ पट, म्हणजे साधारण १६० मिलिग्रॅम नायट्रेट. ४५ लिटरमध्ये ही रोजची ३.६ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वाढ झाली, आठवड्याला २५.

हे नायट्रेट फिल्टर काढत नाही. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोठा फिल्टर अमोनियाचं नायट्रेट लवकर करेल, पाणी स्वच्छही दिसेल, पण नायट्रेट बाहेर जायची वाट म्हणजे तुमची बादली. थोडंफार वनस्पती घेतात. नायट्रेट शेवटी कुठे जाऊन थांबेल (दर बदलाच्या अगदी आधीचा आकडा) ते असं काढा: आठवड्याची वाढ भागिले बदललेल्या पाण्याचा हिस्सा, अधिक मूळ पाण्यातलं नायट्रेट. आठवड्याला २५ ची वाढ आणि दर आठवड्याला पाव टाकी बदल असेल तर २५ ÷ ०.२५ = १००. बोअरमध्ये आधीच ३० असेल तर १३०. ४० च्या आत राहिलं तर उत्तम. म्हणून बोअरचं पाणी आधी तपासा. पिण्याच्या पाण्याला नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी बोअरना ती पाळता येत नाही.

लिक्विड टेस्ट किट घेऊन अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि तापमान लिहा, टाकीचं वेगळं आणि बोअरचं वेगळं. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत पावडर तळाला बसलेली असते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा आणि नंतर परीक्षानळी एक मिनिट, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. रोजचं खाणंही मोजा. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा मिळाला तर बरं. रोज देता तेवढे दहा दिवसांचे दाणे एका वाटीत काढा, वजन करा, दहाने भागा. चिमटीचा अंदाज फसवतो.

---

टीडीएस_९०० (परभणी)

गोदाकाठ दादांनी हिशोब बरोबर मांडलाय. मला त्यातलं एकच वाक्य पकडायचंय: "मधे पातळी उतरली की वरून भरलं जातं."

वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नाही. एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली किंवा कुलरच्या खोलीत २ फुटी टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. तुमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९०० धरू. रोज १ लिटर भरलं की ९०० मिलिग्रॅम क्षार नव्याने आत गेले, ४५ लिटरला ते रोज २० पीपीएम. महिन्याला ६०० ची भर. काचेवर पाण्याच्या रेषेला जो पांढरा थर धरतो, नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघतो, तो याचाच.

हा थर दिसत असेल आणि टाकीचा टीडीएस बोअरपेक्षा ४००-५०० ने वर असेल तर वरचं भरायला घरच्या आरओचं पिण्याचं पाणी वापरा. दिवसाला लिटरभरच लागतं. मात्र आरओच्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी टाकीत कधीच घालू नका, त्यात क्षार आणि नायट्रेट बोअरपेक्षाही जास्त असतात.

याच्या उलटी चूकही होते, तीही सांगतो. काही जण टाकी पूर्ण आरओवर चालवतात आणि महिनोन्महिने पाणी बदलत नाहीत. त्या पाण्यात आम्लता रोखून धरणारे क्षार नसतात, पीएच ६ पर्यंत उतरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. पीएच ६ ला तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो, माशाला फारसा लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग पाहुणे यायचे म्हणून एका दिवशी अर्धी टाकी उपसून ८.२ पीएचचं बोअरचं पाणी भरतात. पीएच चढतो, साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि सकाळपर्यंत मासे उलटे. दोष मात्र "नवीन पाणी मानवलं नाही" म्हणून पाण्याला दिला जातो.

तापमानासाठी: टाकीच्या तोंडावर जाळी ठेवा आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. २-३ अंश उतरतात. पाणी जास्त उडेल, ते आरओने भरा. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, तापमान खाली-वर होण्यानेच मासे आजारी पडतात.

---

काचेतलं_तळं (लातूर)

मनापासून आभार. पंप रात्रभर चालू ठेवला, आज पहाटे फक्त दोन्ही गोल्डफिश वर होत्या.

टाकी: अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, नायट्रेट १६० (तक्त्यातला शेवटचा लाल रंग), पीएच ८.२, तापमान ३१, टीडीएस १६५०. बोअर: अमोनिया ०, नायट्रेट २०, पीएच ८.२, टीडीएस ९००. खाणं दिवसाला १.६ ग्रॅम निघालं. लिटर आतून मोजले तर ४५ च येतात.

अमोनिया तर अर्धाच आहे, तो काळजी करण्यासारखा आहे का?

---

गोदाकाठ (नांदेड)

हो, तुमच्या पाण्यात आहे. किट जो अमोनिया दाखवतं तो दोन्ही रूपांचा मिळून असतो. पीएच ७ आणि ३० अंशाला त्यातला विषारी भाग १ टक्क्याच्याही आत असतो. पीएच ८.२ आणि ३१ अंशाला तोच १२ टक्के होतो. ०.५ चे १२ टक्के म्हणजे ०.०६, आणि कल्ल्यांना इजा ०.०२ ते ०.०५ च्या आसपासच सुरू होते. मऊ पाण्याच्या शहरात चालून जाणारी गर्दी आपल्या कडक, गरम पाण्यात चालत नाही ती यामुळे. परदेशी पानांवरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

तुमचं १.६ ग्रॅम खाणं म्हणजे आठवड्याला ४० ची वाढ, पंधरवड्याला ८० च्या पुढे. १२ लिटरची बादली म्हणजे टाकीचा २७ टक्के भाग. ८० ला ०.२७ ने भागा, ३०० च्या जवळ जातं. किटचा तक्ता १६० ला संपतो म्हणून १६० दिसतंय, खरं त्याहून वर असू शकतं.

घाईने अर्धी टाकी बदलू नका. १६५० टीडीएसला सरावलेल्या माशाला एका तासात १२०० वर आणलं तर त्यालाही धक्का बसतो. रोज ९ लिटर, सलग ५ दिवस. पाचव्या दिवशी मूळ पाण्याचा तिसरा हिस्साच उरतो: टीडीएस ११५० च्या आसपास, नायट्रेट १६० धरलं तर ६५-७०. एकूण पाणी लागलं ४५ लिटर. तुमच्याकडची टंचाई कळते, पण काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते खतच आहे. पाण्याचा थेंबही वाया जात नाही.

भरायचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत काढून ठेवा. बोअरच्या टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकलेली असेल किंवा टँकरचं पाणी असेल तर क्लोरीनसाठी त्या बादलीत एअर स्टोन सोडा किंवा अँटीक्लोरिन घाला. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी सरळ पाणी घेऊ नका, उन्हाने ते तापलेलं असतं.

या पाच दिवसांत पहिले दोन दिवस खाणं पूर्ण बंद, मग ०.४ ग्रॅम. मोठ्या माशांना दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. नायट्राइटसाठी लिटरला १ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे ४५ ग्रॅम, दोन वेळा विभागून पाण्यात विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. मीठ घातल्यावर टीडीएस हजाराने वाढलेला दिसेल, तो मिठाचा. घाबरू नका. पुढच्या बदलांत तो आपोआप उतरतो, त्यामुळे वरचा टीडीएसचा हिशोब मीठ सोडून धरा.

फिल्टरचा स्पंज या आठवड्यात नवा घालू नका. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळून परत बसवा. नळाखाली धुतला तर जिवाणू जातात आणि अमोनिया अर्ध्यावरून दोन पीपीएमवर जाऊ शकतो.

---

सिक्लिड_चाहता (छत्रपती संभाजीनगर)

एक बाजू मांडतो. मलावी सरोवराचे मासे मुद्दाम दाटीने ठेवतात, एकाच माशावर बाकीचे तुटून पडू नयेत म्हणून. ४ फुटी टाकीत २०-२५ एम्बुना (त्याच सरोवरातले सिक्लिड मासे) चालतात, आणि आपलं कडक पाणी तर त्यांना मानवतंच. म्हणजे गर्दी नेहमीच चूक असते असं नाही ना?

---

गोदाकाठ (नांदेड)

बरोबर आहे, फक्त ती गर्दी ज्या जोरावर टिकते तोही सांगा: २०० लिटरच्या वर पाणी, दोन फिल्टर आणि दर आठवड्याला ४०-५० टक्के बदल, म्हणजे शंभर लिटर. तेवढं पाणी दर आठवड्याला हाताशी असेल तर जरूर ठेवावेत. लाईट चार-पाच तास गेली तर दाटीच्या टाकीत पहिला तास मोलाचा असतो. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप तरी घ्या, ३-५ वॅटच लागतात. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्यातला) फिल्टर तीन-चार तास बंद राहिला असेल तर आतलं पाणी सडकं होतं. ते ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून मगच चालू करा.

---

मॉलीताई (बीड)

कोणते मासे काढायचे यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

शार्क पहिले. दुकानात तीन इंची मिळतात ते पंगसचे पिल्लू. तळ्यात तो तीन फुटांच्या पुढे जातो, ४ फुटी टाकीतही तो मावत नाही. घाबरला की काचेवर आपटतो, नाक फुटतं. सकर फुटभर आणि पुढेही वाढतो, शेवाळ खातो त्यापेक्षा जास्त विष्ठा करतो. गोल्डफिश थंड पाण्याची, ३१ अंशाला तिचे हालच आहेत. पहाटे त्याच दोघी वर होत्या, ते यामुळेच. शक्य असेल तर कोणाच्या सावलीतल्या सिमेंटच्या हौदात द्या. एंजल पूर्ण वाढला की वरच्या पंखापासून खालच्या पंखापर्यंत उंचीला आठ-दहा इंचांपर्यंत जातो, तुमची टाकीच फुटभर उंच आहे. शिवाय तो गप्पीची पिलं गिळतो.

उरले गप्पी, मॉली, विडो. विडो शेपट्या कुरतडतात, गप्पी आणि विडो एकत्र ठेवूच नयेत. एक निवडा. कडक पाण्यात गप्पी-मॉली जास्त सुखात राहतात, म्हणून माझं मत विडो देऊन टाका.

गप्पींमध्ये फक्त नर ठेवा, ८. मादीला दर महिन्याला २० ते ५० पिलं होतात, आणि नर काढून टाकला तरी आधीच्या संगतीवर ती कितीतरी महिने पिलं देत राहते. "नर बाजूला केला, आता थांबेल" असं होत नाही. नर ओळखायचा तर पोटाखालचा पंख बघा: नराचा काडीसारखा टोकदार, मादीचा पंख्यासारखा पसरट. पिलांमध्ये हा फरक दीड महिन्याच्या आत दिसू लागतो, दर रविवारी पाहून माद्या वेगळ्या काढा. मॉलीच्या दोन माद्या ठेवल्या तर चालतील, पण त्यांनाही पिलं होतील हे धरून चला.

आणि कृपा करून एकही मासा मांजरा, गोदावरी, विहीर, तलाव कुठेही सोडू नका. सकर तर अजिबात नाही. तो देशात अनेक नद्यांत असाच पसरलाय आणि काठात बिळं करतो. दुकानदार बहुतेक वेळा फुकट परत घेतो. नाहीतर इथेच "देणे आहे" म्हणून लिहा.

---

काचेतलं_तळं (लातूर)

ताई, दादा, ठरलं. ८ नर गप्पी आणि २ मॉली ठेवणार, बाकी सगळे देणार. मग खाणं ०.४ ग्रॅम आणि आठवड्याला एक बादली, एवढ्यात बसेल का?

---

गोदाकाठ (नांदेड)

हिशोब करू. ०.४ ग्रॅम म्हणजे आठवड्याला १० ची वाढ. १० ÷ ०.२७ = ३७, त्यात बोअरचे २० मिळवा, ५७. थोडं जास्त आहे. बादलीत ६ लिटर बोअर आणि ६ लिटर आरओ घेतलं तर बोअरचा वाटा १० वर येतो, एकूण ४७. त्यावर मनी प्लांटच्या दोन-तीन फांद्या टाकीच्या कडेला अडकवा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. नवी मुळं फुटली की महिनाभरात ४० च्या आत येईल असं वाटतं. तेव्हा किटने पाहा. तरी उतरलं नाही तर फांद्या नाही, दाणे कमी करा.

आता आणखी एक गोष्ट. मासे एकदम कमी झाले की फिल्टरमधले जिवाणूही खाद्याप्रमाणे कमी होतात. महिन्याने टाकी रिकामी वाटली म्हणून एकाच दिवशी दहा नवे आणले तर अमोनिया पुन्हा चढणार. आणायचेच तर तीन-चार, मग दोन आठवडे थांबून अमोनिया शून्य पाहायचा, मगच पुढचे. तेही खाणं ०.४ च्या वर न नेता होत असेल तरच.

---

मॉलीताई (बीड)

सकर पकडताना जाळी वापरू नका. त्याच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना पंख फाटतो आणि बोटालाही लागतं. स्टीलचं पातेलं टाकीत आडवं धरा, सकरला मागून हळूच आत ढकला आणि पाण्यासकट उचला. न्यायलाही पिशवी नको, काटा लागला की फुटते. झाकणाची बादली घ्या, निम्मी टाकीच्याच पाण्याने भरा आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी न्या.